छप्पर उतरवणारे क्रियापद

आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात एक रकाना असा आहे, की ज्यात आकड्याऐवजी बहुतेक वेळा दोनच इंग्रजी अक्षरे छापलेली असतात: एन आणि डी. नॉट डिटेक्टेड. निर्यातीची द्राक्षे तोडण्याआधी त्यांत कीडनाशकांचा अंश किती उरला आहे, हे तपासणे आमचे काम. बागाईतदार अहवाल हातात घेतो, त्या रकान्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "म्हणजे काहीच नाय ना?" याचे खरे उत्तर 'तसे म्हणता येत नाही' असे आहे. आमच्या यंत्राला दिसेल इतके नाही, एवढाच त्या दोन अक्षरांचा अर्थ. पण हंगामात हा फरक ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो, आणि समजावून सांगायला आम्हालाही नसतो.

म्हणून गेल्या जानेवारीत आमच्या विभागप्रमुख मॅडमनी शेतकऱ्यांसाठी एका पानाचे मराठी पत्रक करायचे काम माझ्याकडे दिले. "त्या एका क्रियापदाला नीट मराठी दे," त्या म्हणाल्या. "'आढळले नाही' एवढ्यावर भागवू नकोस."

मला हे काम क्षुल्लक वाटले होते. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलेली, पुढच्या वर्षी यंत्रविभागाची जबाबदारी मिळवायचीच असे ठरवून बसलेली. पत्रके लिहिण्यासाठी मी इथे आले नव्हते. तरी पहिल्याच ओळीला अडले. 'आढळणे' हे असे क्रियापद आहे, की त्यात कोणी काही करत नाही. वाटेत साप आढळतो, पुस्तकात चूक आढळते. पाहणारा केवळ तिथून जात असतो. 'शोधणे' म्हटले, तर हरवलेले शोधले असा भास होतो. 'उघडकीस आणणे' म्हटले, तर पोलीस आल्यासारखे वाटते. एका नमुन्याची फेरी यंत्रावर चालू असताना मी जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडून बसले.

'डिटेक्ट' हा लॅटिन 'डिटेगेरे'पासून आलेला. 'टेगेरे' म्हणजे झाकणे, आच्छादणे. 'डि' म्हणजे त्यावरून काढून घेणे. रोमन लोकांच्या घरावरच्या कौलाला 'टेगुला' म्हणत, ते याच धातूपासून. म्हणजे या क्रियापदाचा मूळ अर्थ कौल उतरवणे, छप्पर काढणे. इंग्रजीत हा शब्द प्रथम आला, तेव्हा तो वस्तूंपेक्षा माणसांबद्दल अधिक वापरला जाई: एखाद्याचे पाप उघडे पाडणे, त्याला चारचौघांत आणणे. प्रयोगशाळेतली त्याची सभ्य, निर्विकार चाल नंतरची. आणखी दोन ओळी खाली वाचल्यावर मी खुर्चीत सावरून बसले. 'प्रोटेक्ट'ही याच 'टेगेरे'चा. 'प्रो' म्हणजे पुढे. पुढून झाकणे, म्हणून रक्षण करणे. शाळेपासून हे दोन शब्द मी वापरत आले होते आणि त्यांचे नाते मला ठाऊक नव्हते. अभ्यासक असेही मानतात, की आपल्या संस्कृतातला 'स्थग्', झाकणे, हा याच कुळातला, आणि 'स्थगित' व 'ठग' हे दोन्ही त्याचेच वंशज. मी ते सगळे वहीत टिपून घेतले. पत्रकात यातले काहीच जाणार नव्हते.

त्याच दिवशी, गुरुवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास आलेखावर एक टोक वर आले, जे तिथे यायला नको होते. टोमॅटोवर मारतात ते एक औषध. द्राक्षासाठी परवानगी नसलेले. प्रमाण मर्यादेच्या बरेच वर. आमच्याकडे नमुन्यावर फक्त क्रमांक असतो. बाग कोणाची, गाव कोणते, हे तपासणाऱ्याला कळत नाही. मी नियमाप्रमाणे तोच अर्क पुन्हा चालवला. टोक तिथेच. मॅडमनी पाहिले, सही केली, अहवाल गेला. मला समाधान वाटले, हे मान्य केले पाहिजे. महिनाभर एन-डी लिहिल्यावर यंत्राने काहीतरी धरले होते.

शुक्रवारी सकाळी आत्याचा फोन आला.

माझी आत्या पिंपळगाव बसवंतच्या पुढे, महामार्गापासून आत, एक बाग सांभाळते. मामा, म्हणजे तिचे यजमान, कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला. छाटणीपासून फवारणीपर्यंत सगळे ती एकटी बघते. इतकी वर्षे निर्यातीची नोंदणी मामांच्या नावावर होती; यंदा पहिल्यांदा पॅकहाऊसने, म्हणजे माल निवडून, भरून परदेशी पाठवणाऱ्यांनी, ती आत्याच्या नावावर केली होती, आणि दिवाळीत तिने तो नोंदणीचा कागद आम्हा सगळ्यांना दाखवला होता.

"तुझ्याच लॅबचा कागद हाय ना हा?" तिने सरळ विचारले. "माझा प्लॉट स्थगित केलाय म्हणं. टोमॅटोचं औषध निघालं माझ्या द्राक्षात! मी यंदा टोमॅटो लावला नाय, ते औषध हातात धरलं नाय. कुणाचे घड तपासले तुम्ही?"

मी तिला अहवालावरचा क्रमांक वाचायला सांगितला. तिने एकेक अंक सांगितला. चौथ्या अंकालाच मला कळले होते. तरी मी शेवटपर्यंत ऐकले.

"आत्या, ती तपासणी मीच केली आहे."

ती एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "मग बरं झालं की. तू हाय तिथं. बघ ना काय करता येतं. पाच दिवसांत तोडणी नाय झाली, तर यंदाची निर्यात गेली."

मी फोन ठेवून तडक मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, कालचा तो नमुना माझ्या सख्ख्या आत्याच्या बागेचा निघाला."

त्यांनी चष्मा काढला. "कधी कळलं?"

"पाच मिनिटांपूर्वी."

"त्या पुन्हा तपासणी मागणार?"

"मागतील. तो त्यांचा हक्क आहे."

"आहेच. नमुन्याच्या राखून ठेवलेल्या भागावर उद्या दुसरं कोणीतरी काम करेल. फ्रीजरची चावी इकडे दे. आणि नात्याचं आत्ताच्या आत्ता लिहून दे." मी चावी टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं, चुकलं असेल?"

"नाही."

"चुकलेलं निघावं असं वाटतंय?"

मी नात्याचे लिहून द्यायला कागद पुढे ओढला. त्यांनी आग्रह केला नाही. पत्रक कुठवर आले, एवढे विचारून त्या पुन्हा कागदांकडे वळल्या.

शनिवारचा दिवस मी काचेच्या भिंतीच्या या बाजूला बसून काढला. पलीकडे माझा सहकारी माझ्याच यंत्रावर काम करत होता. आपले मोजमाप चुकावे, अशी इच्छा मनात धरून बसण्याचा तो माझा पहिला अनुभव. मी एकामागून एक शक्यता मांडल्या. काचेची भांडी नीट धुतली गेली नसतील. आधीच्या नमुन्याचा अंश राहिला असेल. प्रमाणित द्रावण जुने झाले असेल. प्रत्येक शक्यता मी स्वतःच खोडली, कारण प्रत्येक ठिकाणी माझीच नोंद होती आणि ती बरोबर होती. माझ्या काटेकोरपणाचा मला राग आलेला तो एकमेव दिवस. संध्याकाळी सहकारी बाहेर आला. नियमाप्रमाणे त्याला मला काही सांगता येत नव्हते. पण हातमोजे काढताना त्याने माझ्याकडे पाहणे टाळले, आणि ते पुरेसे होते.

आत्याला पॅकहाऊसकडून कळले. तिचा फोन आला नाही. मामांचा आला: "ती बोलणार नाय तुझ्याशी. म्हणते, आमच्या घरातलं पोरगं शिकलं ते आमच्यावरच शिक्का मारायला."

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. मॅडमना फोन करून सांगितले, की मी जाते आहे; तपासनीस म्हणून नाही, भाची म्हणून. "भाची म्हणून जा," त्या म्हणाल्या, "पण जे दिसेल ते दिसलं, एवढं ध्यानात ठेव."

आत्या बागेच्या तोंडाशीच उभी होती.

"या साहेब," ती म्हणाली. "आज काय काय बंद करायला आलात?"

"फवारणीची वही दाखव, आत्या."

"वही खरी हाय. माझं अक्षर वाकडं असंल, वही खोटी नाय." तरी तिने ती आणून माझ्या हातात दिली. मी ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचली. तारीख, औषध, मात्रा, कोणी मारले, वारा कसा होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या काही वह्यांपेक्षा ती अधिक नीट होती. त्या औषधाचा कुठेच उल्लेख नव्हता. शेजारी गहू, त्यावरही ते मारत नाहीत. पाणी सामाईक विहिरीचे; विहिरीतून आले असते, तर ते सगळ्यांच्याच बागांत निघाले असते.

"मग?" आत्या म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "आता बोल. मशीनचंच काहीतरी बिघडलं ना?"

मी बागेत शिरले. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून आमच्या भागात घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. वेलींखाली ओळीने ते कागदी पुडके लटकत होते. नमुना घेणारा माणूस येतो, कागद काढतो, घड कापतो, पिशवीत घालतो, पिशवीला सील लावतो. कागद तिथेच पडतो. प्रयोगशाळेत आमच्यापर्यंत येतात, ते नुसते घड. दोन हंगामांत मी किती द्राक्षे दळून पाहिली असतील. त्यांच्या अंगावरचा कागद मी एकदाही पाहिला नव्हता.

मी प्रत्येक ओळीतले चार-दोन कागद सोडवून नाकाशी धरत चालले. आत्या मागून येत होती. "वास घेऊन कळतं व्हय तुला?" तिने टोमणा मारला. विहिरीच्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत मी थांबले. कागदाची एक कड अर्धपारदर्शक झाली होती, वड्यांखालच्या कागदासारखी. त्याला रॉकेलसारखा एक वास होता. अशी औषधे ज्या द्रवात विरघळवतात, त्याचा. पुढच्या घडावर तसाच डाग, तीच जागा. त्यापुढच्यावरही.

"हे पेपर आणलेस कुठून?"

"पिंपळगावातनं. रद्दीवाल्याकडनं. दिवाळीच्या आधीच घेऊन ठेवलेले."

"ठेवलेस कुठे?"

"औषधाच्या खोलीत." ती सहज म्हणाली. "घरात ठेवले तर उंदीर कुरतडतात. त्या खोलीत उंदीर फिरकत नाय."

मी त्या खोलीकडे निघाले. ती मागोमाग आली.

खोली विटांची, वर पत्रा. फळीवर बाटल्या नीट लावलेल्या. सगळ्यांत मागे, आडवी पडलेली, गेल्या वर्षीच्या टोमॅटोची उरलेली बाटली. झाकण अर्धवट फिरलेले. तिथून एक तपकिरी ओघळ भिंतीवरून खाली आलेला. जमिनीवर रद्दीच्या गठ्ठ्याने जिथे जागा अडवली होती, तिथे एक स्वच्छ चौकोन, आणि ओघळ बरोबर त्याच्या एका कोपऱ्याशी संपत होता. गठ्ठ्यातल्या कागदांच्या एकाच कडेला डाग का, काही ओळींतच का, वहीत काहीच का नाही, हे सगळे एका झटक्यात जुळले.

मला आनंद झाला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण तो झाला. स्वच्छ, थंड, एखादे गणित सुटल्यावर होतो तसा. "हे बघ, आत्या, मिळालं!" असे म्हणत मी वळले, आणि तिचा चेहरा पाहिला.

तोपर्यंत तिच्याजवळ एक आडोसा होता: प्रयोगशाळा चुकली आहे. ती त्याखाली दोन दिवस उभी होती, आणि मी तो तिच्या डोक्यावरून उचलून बाजूला ठेवला होता. औषध तिच्या बागेत खरोखरच होते, ते तिच्याच खोलीतून आले होते, आणि तिनेच ते एकेका घडाला आपल्या हाताने गुंडाळले होते.

ती खाली बसली. मग उठून पदर खोचला. "बरं. आता असं करायचं. पुन्हा नमुना मागता येतो ना? मागते. कागद आज जाळून टाकते. नमुनेवाला आला की त्याला वरच्या अंगाच्या ओळींतनं नेते. तिकडं काय नाय. तू काय पाहिलंस? काय नाय पाहिलंस."

"आत्या, मी पाहिलंय."

"कुणाला कळणार हाय?"

"मॅडमना नातं लिहून दिलंय मी."

"म्हणजे नोकरीची काळजी. तसं सांग ना!"

"नोकरीचं नंतर बघू. हे घड खाणार कोण?"

"तिकडं सातासमुद्रापार कोण खाईल ते. तुझे कोण लागतात ते?"

"कोणी नाही. पण तिकडे नाही गेले, तर कुठे जातील? नाशिकच्या बाजारात. ते तर आपले लागतात?"

ती एकदम चिडली. "मला शिकवू नको! मी पोरांना न धुता कधी मणी दिला नाय!" आणि तेवढे बोलून ती फळीकडे वळली. मी बाहेर आले. त्या दोन-तीन मिनिटांत मला खरोखर माहीत नव्हते, की ती काय करेल, आणि तिने तेच केले, तर मी काय करेन. मॅडमना सांगणे मला भाग होते. ते सांगितले, तर या घरात मला पुन्हा पाऊल टाकता येईल की नाही, याचा मी हिशेब करत होते. ज्या दोन क्रियापदांचे एक कूळ वाचून मी गुरुवारी खूश झाले होते, ती दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत एकाच वेळी कशी करायची, हे कोणत्याही कोशात नव्हते.

आत्या खोलीतून कात्री घेऊन बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिसऱ्या ओळीत गेली आणि पहिला डागाळलेला पुडका कागदासकट कापला. मग दुसरा.

"उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "हातात पिशवी घाल आणि धर. उघड्या हातानं नको."

दुपारपर्यंत मामाही आले. तिघांनी मिळून डाग असलेला प्रत्येक घड काढला. डाग नव्हता, पण शेजारी होता, तोही काढला. बांधाच्या कडेला, विहिरीपासून दूर, खड्डा केला. तयार, गच्च भरलेले घड त्यात टाकताना मामा दोनदा थांबले. आत्या थांबली नाही. संध्याकाळी तिने स्वतः पॅकहाऊसला फोन लावला आणि काय झाले ते जसेच्या तसे सांगितले. नव्याने नमुना घ्यायचा, तर कारण लेखी द्यावे लागेल, असे ते म्हणाले. मी मोबाइल पुढे केला, म्हटले, मी टाइप करते.

"नको," ती म्हणाली. "चूक माझी हाय. अक्षर पण माझंच असू दे."

नमुना घेणारे काका बुधवारी आले. मी तिथे नव्हते. मामांनी सांगितले ते असे. काका नेहमीप्रमाणे मधल्या ओळींकडे निघाले, तर आत्याने त्यांना तिसऱ्या ओळीच्या लगत, जिथून घड काढून टाकले होते, त्याच्या शेजारी नेऊन उभे केले. "इथनं पण घ्या."

"ताई, लोक मला चांगल्यातून चांगल्या ओळीत नेतात," काका हसून म्हणाले. "तुमचं उलटंच."

"चांगल्या ओळीचं मला माहीत हाय," ती म्हणाली. "ह्या ओळीचं नाय."

तो नमुना माझ्या टेबलावर आला नाही. त्याचा क्रमांकही मला कळू नये, अशी व्यवस्था मॅडमनी केली होती. गुरुवारी आणि शुक्रवारी मी यंत्रावर इतर बागांची कामे केली. प्रत्येक आलेखावर ते टोक जिथे येते तिथे माझे डोळे आपोआप जात, आणि जागा सपाट दिसली की मला हायसेही वाटत नसे, कारण हा तिचा नमुना असेलच, असे नव्हते.

शनिवारी दुपारी आत्याचा फोन आला.

"कागद आला गं. आकडा हाय त्यात. एनडी नाय."

"वाच."

तिने वाचला. मी तो मनात दोनदा पडताळला. "मर्यादेच्या आत आहे, आत्या. बराच आत."

"पॅकहाऊसवाले पण तेच म्हणाले. उद्या सकाळी तोडायला माणसं पाठवतात. पाच दिवस म्हणाले होते, चार दिवस उशीर झाला, तरी घेतात. काढून टाकला तेवढा माल सोडून."

"मग झालं की!"

"झालं." मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "पण ते हाय ना अजून? आत?"

"आहे. अगदी थोडं."

"घरच्यासाठी दोन वेली राखल्यात. विहिरीकडच्या. त्या पण रिकाम्या करू का?"

"गरज नाही. मर्यादा खूप विचार करून ठरवलेली असते. एवढ्याने काही होत नाही. खाल्लं तरी चालेल."

"तू खाशील?"

उत्तर मला ठाऊक होते, आकडे माझ्या बाजूचे होते, तरी ते द्यायला जेवढा वेळ लागायला हवा होता, त्यापेक्षा थोडा जास्त लागला.

"खाईन."

"मग उद्या ये," आत्या म्हणाली. "मी समोर बसते तुझ्या."